मालकाला भाड्याची नाही, ताब्याची काळजी आहे

सदर : गल्ला आणि गणित

पत्र : नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. सहा वर्षांपासून घरूनच कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे करून विकते. महिन्याला साधारण एक लाख चाळीस हजारांची विक्री होते. माल आणि बायकांची मजुरी जाऊन तीस टक्के हातात राहतात. आता घर पुरत नाही. जवळच एका अपार्टमेंटखाली गाळा मिळतोय. मालक माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. भाडं अठरा हजार, डिपॉझिट दीड लाख, करार अकरा महिन्यांचा आणि प्रत्येक नव्या कराराला दहा टक्के वाढ. मधेच सोडलं तरी अकरा महिन्यांचं भाडं द्यायचं. पाचशेच्या बाँडवर लिहून नोटरी करू, नोंदणी नको, असं ते म्हणतात. शिवाय भाड्यातले नऊ हजार चेकने आणि नऊ रोख हवेत. माझा फर्निचर, फ्रीज आणि लाइट फिटिंगला अडीच लाख खर्च येईल. मिस्टर म्हणतात, काका घरचे आहेत, घासाघीस केली तर बरं दिसणार नाही. मला सोळाच्या वर परवडेल असं वाटत नाही. काकांशी बोलू कसं?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

ताई,

सोळा की अठरा हा वाद आधी बाजूला ठेवा. अठरा हजार म्हणजे दिवसाला सहाशे रुपये. तीस टक्क्यांच्या हिशोबाने नुसतं भाडं निघायला दिवसाला दोन हजारांची विक्री जास्तीची व्हायला हवी. सोळाला गाळा मिळाला तर हाच आकडा सतराशे ऐंशीच्या आसपास येतो. म्हणजे ज्या दोन हजारांसाठी तुमची झोप उडाली आहे, ते रोजच्या सव्वादोनशे रुपयांच्या विक्रीचे आहेत. एवढ्या फरकाने गाळा परवडत किंवा बुडत नसतो. दुकान उघडल्यावर रोज दोन हजारांचं नवं गिऱ्हाईक येईल का, खरा प्रश्न हा आहे. त्याकडे मी नंतर येतो.

धोका आहे तो ‘अकरा महिने आणि दहा टक्के’ या जोडीत. कॅल्क्युलेटर घ्या. आज १८,०००. अकरा महिन्यांनी १९,८००. मग २१,७८०, मग २३,९५८, मग २६,३५४ आणि छपन्नाव्या महिन्यापासून २८,९८९. पाच वर्षं संपायच्या आत भाडं एकोणतीस हजारांना टेकतं, कारण वाढ वर्षाने नाही तर अकरा महिन्यांनी होते आणि दर वेळी वाढलेल्या भाड्यावर होते. आता तुमच्या मनासारखं झालं, काकांनी सोळा मान्य केले, पण बाकीच्या अटी तशाच राहिल्या असं धरा. छपन्नाव्या महिन्याला तुम्ही २५,७६८ भरत असाल. याउलट काकांचे अठरा मान्य केले आणि वाढ वर्षाला पाच टक्के ठरवली, तर पाचव्या वर्षी भाडं २१,८७९ होतं. आज दोन हजार ‘हरून’ तेव्हा महिन्याला जवळपास चार हजार वाचतात. घासाघीस वाढीच्या टक्क्यावर करायची, ती या कारणासाठी. गंमत म्हणजे तिथे मालकही फारसा अडून बसत नाही. त्याचं लक्ष आज हातात पडणाऱ्या आकड्यावर असतं.

त्याहून मोठी गोष्ट मुदतीची. अडीच लाखांचं फर्निचर तुम्ही अकरा महिन्यांवर वाटलं तर महिन्याला २२,७०० रुपये पडतात, म्हणजे भाड्याहून जास्त! साठ महिन्यांवर वाटलं तर ४,२०० सुद्धा पडत नाहीत. भिंतीला ठोकलेली शेल्फं, टाइल्स, बेसिन, वायरिंग यातलं काही उचलून नेता येत नाही. हे काकांनाही कळतं. बाराव्या महिन्यात ते ‘पंचवीस द्या नाहीतर बघा’ म्हणाले, तर तुम्ही पंचवीस द्याल, कारण अडीच लाख त्या भिंतींत अडकलेले असतील. ते तसे माणूस नसतीलही. पण उद्या व्यवहार त्यांच्या मुलाच्या हातात गेला तर?

म्हणून साठ महिन्यांचा करार मागा. साठच, एकसष्ट नाही. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे मालकीचा हक्क न देता ठरावीक मुदतीसाठी जागा नुसती वापरायला देण्याच्या कराराला, महाराष्ट्रात पाव टक्का मुद्रांक शुल्क आहे, ते साठ महिन्यांपर्यंतच. त्याच्यापुढे तो भाडेपट्टा धरला जातो आणि शुल्क खूप वाढतं. पाव टक्का मोजायचा तो पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या दरसाल दहा टक्क्यांवर. तुमच्या बाबतीत अठरा हजार, पाच टक्के वाढ, दीड लाख डिपॉझिट आणि पाच वर्षं असं धरलं तर मुद्रांक ३,२०० च्या आत येतो. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. एजंटचे पैसे वेगळे. पाच वर्षांच्या निश्चिंतीला एवढाच खर्च.

आता काका अकरा महिन्यांवर का अडलेत ते समजून घ्या, कारण बोलणी तिथेच सुटतील. नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत ज्यांचे जुने गाळे आहेत अशा कुणाशीही बोलून बघा. आजोबांच्या काळात दिलेला गाळा, भाडं आजच्या हिशोबाने चहापाण्याचं, भाडेकरूची तिसरी पिढी गल्ल्यावर आणि कोर्टात तारखांवर तारखा. हे ऐकत आणि बघत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना अठरा हजार मिळाले नाहीत तरी चालतं, पण माणूस चिकटून बसला तर झोप लागत नाही. त्यांच्या पिढीत समज पक्की आहे की अकरा महिन्यांचा कागद केला, नोंदणी टाळली, की आपण सुरक्षित.

ही समज निदान महाराष्ट्रात उलटी आहे. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हे देशाच्या नोंदणी कायद्यातलं. अकरा महिन्यांची पद्धत तिथून आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकावर. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि काकांनी ऐकावं असं खरं वाक्य पुढेच आहे : करार लेखी आणि नोंदवलेला नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे पाचशेच्या बाँडवर नोटरी करून काका स्वतःच्याच ताब्याचा पुरावा कच्चा ठेवताहेत.

म्हणून नोंदणीचा विषय ‘माझ्या सुरक्षिततेसाठी’ असा काढू नका. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असा काढा. ते खोटंही नाही.

बोलायला तुम्ही स्वतः जा. मिस्टरांना आणि सासऱ्यांना पाठवलंत तर तिथे मैत्री बोलेल आणि अटी लाजतील. सासरे सोबत असले तर चांगलंच, पण हिशोब तुमचा, तोंडही तुमचं. काका बहुतेक म्हणतील, ‘कागदबिगद कशाला करालाव, आपण घरचेच की.’ तेव्हा हसून ऐकून घ्या आणि साधारण असं म्हणा :

‘काका, तुम्ही घरचे आहात म्हणूनच तर सगळं लिहून ठेवू. उद्या तुम्ही किंवा मी नसलो तरी पोरांत वाकडं नको यायला. अठरा मला मान्य आहेत. मी कधी चिकटून बसणार नाही, ते लिहून देते, नोंदवून देते, नोंदणीचा निम्मा खर्चही देते. पण मी अडीच लाख तुमच्या गाळ्यात घालतेय. ते अकरा महिन्यांत फिटत नाहीत. मला पाच वर्षं द्या आणि वाढ वर्षाला पाच टक्के धरा.’

एवढं बोलून थांबा. आपण गप्प बसलो की समोरचा नाराज झाला असं वाटतं आणि आपणच आपली अट खाली आणतो. ही खोड घरून धंदा करणाऱ्या बायकांमध्ये मी फार बघतो, पुरुषांमध्ये थोडी कमी. चहा येऊ द्या. ‘विचार करून सांगतो’ म्हणाले तर आनंदाने ‘हो’ म्हणा. त्याच बैठकीत डिपॉझिटचा चेक काढू नका.

जाण्याआधी मात्र एक कागद मिळवा. गाळ्याचं महावितरणचं अलीकडचं बिल. ‘लाइटचं कनेक्शन बघून घ्यायचं होतं’ म्हणून सहज मागता येतं आणि त्या एका कागदावर निम्मा गाळा वाचता येतो. मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर त्यावर छापलेला असतो. आकडे शून्याच्या आसपास कधीपासून आहेत ते बघा, म्हणजे शटर किती महिने बंद आहे ते कळेल. सहा महिने बंद असेल तर काकांचे एक लाखावर रुपये गेलेच आहेत, आणि मग फर्निचर होईपर्यंतचा एक महिना भाड्याविना मागायला तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. मग मंजूर भार बघा. डीप फ्रीज आणि चटणीचं यंत्र त्यावर चालणार आहे का? थकबाकी बघा. आणि दर संकेत बघा. तिथे घरगुती लिहिलेलं असेल तर थांबा. घरगुती मीटरवर दुकान चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर आहे आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तपासणीला माणसं येतील तेव्हा गाळ्यात तुम्ही असाल, काका नाही. मीटर व्यावसायिक करून देणं मालकाकडे, असं करारात घाला. घरगुती मीटर निघालं तर आणखी एक शंका घ्यायची : हा गाळा नकाशात गाळाच आहे की पार्किंग भिंती घालून बंद केलंय? मंजूर नकाशा आणि महापालिकेचं कराचं बिल मागा. करबिलावर वापर बिगरनिवासी असला पाहिजे, आणि तो कर मालकाने भरायचा हेही लिहून घ्या.

मालमत्ता पत्रकाचा, म्हणजे जागा कुणाच्या नावावर आहे ते सांगणाऱ्या कागदाचा, उताराही काढाच. त्यावर काकांसोबत दोन भावांची नावं निघाली, तर तिघांच्या सह्या किंवा कुलमुखत्यारपत्र. यात भिडेला जागा नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये एक खड्डा आहे, आणि छापील नमुन्यात तो बुजवलेला नसतो. मालकाने मधेच गाळा विकला तर? साध्या भाडेपट्ट्यात नवा मालक जुन्याच्या जागी येतो, करार चालू राहतो. लायसन्सचं तसं नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चं कलम ५९ सांगतं की जागा विकली की घेणारा लायसन्सला बांधील नाही. तुम्ही साठ महिने लिहून घेतले, अठराव्या महिन्यात गाळा विकला गेला आणि नवा मालक दारात आला, तर कागद दाखवून भागणार नाही. यावर उपाय म्हणजे करारातच दोन वाक्यं : मुदतीत गाळा विकायचा झाल्यास खरेदीखतात हा करार चालू ठेवण्याची अट घालायची, आणि ते न झाल्यास मालकाने डिपॉझिटसोबत फर्निचरच्या खर्चाचा उरलेल्या महिन्यांइतका भाग परत द्यायचा. दुसरं वाक्य ऐकून काका दचकतील. ‘विकायचा विचार नाही ना? मग लिहायला काय हरकत?’ एवढंच विचारा. या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांचा चेहरा बघा.

लॉक-इन, म्हणजे मधेच करार न मोडण्याचं बंधन, तेही दोन्ही बाजूंना सारखं नको. गाळा परत मिळाला तर काकांचं फारसं काही जात नाही, पुन्हा भाड्याने जातो. तुमचं जातं. म्हणून तुमच्यावर सहा महिने, त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता यावं. त्यांच्यावर पूर्ण पाच वर्षं, फक्त तुम्ही दोन महिने भाडं थकवलं तर ते काढू शकतील. डिपॉझिट चाव्यांबरोबर त्याच दिवशी परत, नाही मिळालं तर मिळेपर्यंत गाळा बिनभाड्याने तुमच्या ताब्यात. ही अट छापील करारांत सर्रास असते, तिला कुणी नाही म्हणत नाही. वापराच्या रकान्यात नुसतं ‘चटणी विक्री’ लिहू नका, ‘खाद्यपदार्थ तयार करणे व विकणे’ लिहा. उद्या तुम्हाला हुरडा विकावासा वाटला, ताक विकावंसं वाटलं तर परवानगी मागत बसावं लागू नये. पाण्याचंही लिहा. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. इमारतीच्या टाकीतून गाळ्याला पाणी आहे की नाही, बोअरचं बिल कोण भरणार, हे तोंडी ठरवलेलं पहिल्याच उन्हाळ्यात फिसकटतं. मिरचीच्या ठसक्यावरून वरच्या मजल्यावरचे भांडायला येतील ती वेळ निराळीच. सोसायटीचं ना-हरकत पत्र आधी घ्या. शॉप ॲक्ट आणि अन्न परवान्याला जागेचा कागद लागतो तोही नोंदवलेला करारच असू द्या.

आता रोख नऊ हजार. इथे मात्र साफ नाही म्हणा, आणि कारण स्वतःचं सांगा. बँकेत कर्जाला गेलात तर भाडं म्हणून करारातला आकडा दिसेल. तुमच्या हिशोबात निम्मं भाडं खर्च म्हणून येणारच नाही, म्हणजे नसलेल्या नफ्यावर कर. आणि वाद झाला तर दिलेल्या रोखीला पावती नाही. काका टॅक्सचं म्हणत असतील तर तो त्यांचा आणि त्यांच्या सीएचा विषय. रोख मान्य केल्यास सोळाला देतो म्हणाले तरी घेऊ नका.

याच ओघात विचारून घ्या, अठरा हजार जीएसटी धरून की वरून? काकांची जीएसटी नोंदणी असेल आणि अठरा टक्के वरून लागला तर भाडं २१,२४० होतं, आणि तुमची स्वतःची नोंदणी नसल्यामुळे तो परत वळता करून घेता येत नाही. त्यांची नोंदणी नसेल तर आज काही नाही. पण पुढे तुमची विक्री वाढून तुम्ही नियमित नोंदणी केलीत, तर ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने नोंदणी नसलेल्या मालकाच्या गाळ्याचा जीएसटी भाडेकरूलाच भरावा लागतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत, असाल तर त्यातून सूट आहे. तेव्हा नोंदणी करताना हे आठवणीने विचारा.

राहिलं गिऱ्हाईक. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तुमच्या आजच्या विक्रीतला बराच भाग बाहेरगावच्या पार्सलचा असावा. पुण्या-मुंबईला जाणारा माणूस चटणीची पाकिटं स्टेशनजवळ किंवा एसटी स्टँडपाशी घेतो. अक्कलकोट, तुळजापूर करून परतणाराही तिथेच थांबतो. जुळे सोलापूरच्या कॉलनीत तो येत नाही. तिथे येईल ती नोकरी करून दमलेली बाई, जिला रात्रीसाठी दहा मऊ भाकरी आणि पावशेर चटणी हवी आहे. हे वाईट गिऱ्हाईक नाही, उलट रोजचं आहे. पण माल बदलेल आणि वेळ बदलेल. गाळ्यासमोर दुपारी उभं राहून गर्दी मोजू नका. एप्रिल-मेच्या उन्हात सोलापुरात दुपारी कुठेच कुणी नसतं. संध्याकाळी सहा ते नऊ बसा, एक साधा दिवस आणि एक रविवार. शेजारच्या किराणावाल्याला विचारा की तयार भाकरी मागणारं कुणी येतं का. रोज दोन हजार इथून निघतील असं वाटलं तरच काकांकडे जा.

आणि दसरा-पाडव्याच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच गाळे हवे असतात. पितृपंधरवड्यात नवीन दुकानाचं नाव कुणी काढत नाही, मालकांचे फोन शांत असतात. बोलणी तेव्हा करा, उद्घाटन तुम्हाला हव्या त्या मुहूर्तावर करा.

काकांनी हे सगळं ऐकून पाच वर्षांना नकार दिला तर तीन मागा. तीनलाही नाही, अकरा महिनेच म्हणाले, तर भांडू नका. गाळा हवा असेल तर अकरा महिन्यांच्या करारानेच घ्या, फक्त तो नोंदवून घ्या आणि अडीच लाख घालू नका. सुटी लोखंडी रॅक, चाकांचा काउंटर, जुना पण चांगला फ्रीज. टाइल्स नाहीत, फॉल्स सीलिंग नाही. साठ-सत्तर हजारांत दुकान उभं राहील आणि त्यातलं जवळजवळ सगळं एका टेम्पोत भरून दुसऱ्या गाळ्यात नेता येईल. बाराव्या महिन्याच्या बोलणीला तुम्ही बसाल तेव्हा हे काकांनाही दिसत असेल.